क्रमांक मिळाला म्हणजे धोका ठरला का?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली. अहिल्यानगरसारख्या सहकाराच्या जिल्ह्यात तिची गरज होतीच. मात्र स्कॅनरने काढलेले सीव्हीई क्रमांक (ज्ञात सुरक्षा-त्रुटींना दिलेले क्रमांक) मोजायचे आणि तो आकडा संचालक मंडळापुढे ठेवायचा, एवढ्यावरच ऑडिट थांबत असेल तर ती सुरक्षा नव्हे. अशा मोजणीत कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली) साधी मेमरी लीक आणि बाहेरून थेट शिरकाव देणारी त्रुटी एकाच वजनाने बसतात.

मेमरी लीक म्हणजे गळती, घेतलेली मेमरी परत न करणे; हा पूर्वी निव्वळ गलथानपणा मानला जाई. मशीन मंदावले की रीस्टार्ट करायचे. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर अर्धवट जोडण्यांचा मारा झाला आणि तिचे सर्व्हर ठप्प झाले. मेमरीसारखी साधने संपवणे हाही हल्ला असतो, हे तेव्हा सर्वांना पटले. १९९९ मध्ये सीव्हीई यादी आली. इथवर कुणाचा वाद नाही.

वाद आहे तो जानेवारी २०१६ चा. लिनक्स कर्नलच्या कीरिंग (किल्ल्या साठवणाऱ्या) भागातील सीव्हीई-२०१६-०७२८ ही त्रुटी तेव्हा उघड झाली. एखादी वस्तू किती जण वापरताहेत याची नोंद कर्नल एका मोजणीत ठेवतो. प्रोसेसने आपल्याच चालू कीरिंगमध्ये पुन्हा सामील व्हायला सांगितले की ही मोजणी एकाने वाढे, आणि उतरायची राहून जाई; हीच ती गळती. मोजणी ३२ बिटांची असल्याने सुमारे ४२९ कोटी वेळा हेच केले की जुन्या मीटरसारखी ती शून्यावर येई. कुणीच वापरत नाही असे समजून कर्नल ती वस्तू मोकळी करी. त्या जागी आपला डेटा भरून साधा वापरकर्ता रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शके.

‘गळतीतून रूट मिळतो’ हा धडा तेव्हा सगळीकडे पसरला, आणि इथेच वाचन चुकले. घात केला तो मोजणी उलटण्याने. उपायच पाहा: २०१७ मध्ये कर्नलच्या ४.११ आवृत्तीत आलेला रेफकाउंट-टी हा प्रकार मोजणी टोकाला पोहोचली की तिथेच अडकवून ठेवतो. मग ती वस्तू कधीच मोकळी होत नाही. म्हणजे कर्नलच्या रचनाकारांनी मोठा धोका टाळण्यासाठी गळती जाणूनबुजून पत्करली. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेनेही २०१५ मध्ये मेमरी गळणे ‘सुरक्षित’ वर्तनात धरले.

फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचा गट स्वतःच सीव्हीई क्रमांक देतो. कर्नलमधली जवळपास कोणतीही चूक कुठे ना कुठे घातक ठरू शकते, अशी त्याची भूमिका असल्याने गळतीच्या बारीक दुरुस्त्यांनाही क्रमांक मिळतात. तीव्रतेचे गुण मात्र तो गट देत नाही, कारण कर्नल कुठे आणि कसा वापरला जातो हे त्याला ठाऊक नसते. ते ठरवण्याचे काम वापरणाऱ्याचे आहे.

म्हणून बँकेच्या आयटी अधिकाऱ्याने स्थिर आवृत्तीचे अपडेट वेळेवर आणि सरसकट घ्यावेत. ऑडिटरने गळतीच्या प्रत्येक क्रमांकामागे तीन प्रश्न लिहून घ्यावेत: ज्या भागात ती त्रुटी आहे तो या सर्व्हरवर चालू आहे का, लॉगिनशिवाय ती गळती कुणाला सुरू करता येते का, आणि ती कितीही वेळा घडवता येते का. संचालकांपुढे एकूण आकड्याऐवजी ही उत्तरे गेली, तर पैसा आधी कुठे खर्च करायचा हे त्यांना ठरवता येईल.