त्या मानाने

आपल्या भाषेत 'त्या मानाने' हा एक मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. पाहुणे अवचित आले, घरात होता तेवढ्या रव्याचे लाडू वळले, तर पाहुणे म्हणतात, 'त्या मानाने छान झालेत हो!' मृगाने दडी मारली आणि पुढच्या नक्षत्रांनी भरून काढले, तर शेतकरी म्हणतो, 'त्या मानाने पीक बरे आहे.' बोलणाऱ्याने अर्धे वाक्य गिळलेले असते. कसल्या मानाने, हे तो सांगत नाही. ऐकणाराला ते ठाऊक आहे असे तो धरून चालतो. आणि 'मान' या शब्दाचा आपल्याकडे अर्थ तरी किती! मान म्हणजे माप, आणि मान म्हणजे आदर. माप घेता घेता आदर द्यायचा की काढून घ्यायचा, हा प्रश्न त्या एका शब्दातच दडून बसला आहे.

आमचे धसई हे मुरबाड तालुक्यातले बाजाराचे गाव. दिवाळीच्या सुमारास इथली खाचरे पिवळी पडतात, कापणी सुरू होते, आणि त्याच दिवसांत पैसेवारीची चर्चाही पारावर सुरू होते. जुनी माणसे अजून तिला आणेवारीच म्हणतात. गावाचे नेहमीचे पीक म्हणजे एक रुपया धरायचा. यंदाचे पीक त्यातले किती पैसे, ते ठरवायचे. शेताचा ठराविक तुकडा मापून कापतात, झोडतात, दाणे वजन करतात. आकडा पन्नास पैशांच्या आत आला तर टंचाईच्या सवलती. मला यातली एक गोष्ट फार आवडते. आमच्या भाताची तुलना कोणी सोलापूरच्या ज्वारीशी करीत नाही, की नदीकाठच्या काळ्या रानाची डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीशी करीत नाही. ज्याला त्याला त्याच्या नेहमीच्या मापाने मोजायचे. सरकारी कागदावर उतरलेले हे 'त्या मानाने'च म्हणायचे.

खेळातही असे करता येते, हे मला माझ्या पुतण्याने समजावून दिले. तो अमेरिकेत असतो आणि तिथल्या महाविद्यालयीन फुटबॉलचे त्याला वेड लागले आहे. (हा फुटबॉल पायापेक्षा हातानेच अधिक खेळतात; तरी त्याला फुटबॉल का म्हणतात ते त्यांचे त्यांना ठाऊक!) तिकडे वरच्या श्रेणीतच सव्वाशेच्या वर संघ आहेत, आणि एकेका संघाला हंगामात नियमित सामने मिळतात बाराच्या आसपास. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. मग श्रेष्ठ कोण हे ठरवायचे कसे? यावर तिथल्या शौकिनांनी एक युक्ती काढली आहे. आपल्या संघाने एका सामन्यात चेंडू चारशे यार्ड पुढे नेला, एवढे सांगून भागत नाही. समोरचा संघ हंगामभर इतरांना सरासरीने किती यार्ड जाऊ देतो, ते पाहायचे. तो तीनशे जाऊ देत असेल तर आपली कामगिरी रुपयाला एक रुपया तेहतीस पैसे. तो पाचशे जाऊ देत असेल तर त्याच चारशे यार्डांची किंमत ऐंशी पैसे. शिवाय ती सरासरी काढताना आपला सामना वगळायचा, नाहीतर आपल्याच पराक्रमाने माप फुगते. हिशेब साधा आहे, पण त्यात एक नैतिक गोष्ट आहे, ती पुतण्याच्या लक्षात आली होती की नाही कोण जाणे. जिंकणाऱ्याची किंमत ठरवायची तर आधी हरणाऱ्याचा अभ्यास करावा लागतो. एरवी हरलेल्याकडे पाहतो कोण?

याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच घडले आहे. २०१६ च्या जानेवारीत कल्याणला शाळांच्या एका सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने नाबाद १००९ धावा केल्या. त्यांत १२९ चौकार आणि ५९ षटकार. इंग्लंडमध्ये क्लिफ्टनच्या शाळेत कॉलिन्स नावाच्या मुलाने १८९९ साली केलेला नाबाद ६२८ चा विक्रम एकशे सोळा वर्षांनी मोडला. रिक्षाचालकाचा मुलगा जगाच्या पानावर गेला. मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या एसटीत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

पण त्याच धावफलकावर दुसरे आकडेही होते. प्रणवच्या शाळेने तीन गडी गमावून १४६५ धावांवर डाव सोडला. समोरच्या शाळेचा पहिला डाव ३१ धावांत संपला, दुसरा ५२ धावांत. एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव! मोठ्या मुलांच्या परीक्षा असल्यामुळे त्या शाळेने बरीचशी लहान मुले मैदानात उतरवली होती, आणि सीमाही एका बाजूला जवळ होती, असे त्या वेळी छापून आले. त्या शाळेचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी दोन दिवस उन्हात चेंडू आणून दिले त्या मुलांपैकी एकाचेही नाव कोणाला आठवत नाही, मग शाळेचे तरी पराभवापुरते कशाला काढायचे? सांगायचे एवढेच, की १००९ हा आकडा दोघांनी मिळून लिहिला आहे. एकाने बॅटीने आणि अकरांनी पायपिटीने.

आता त्यापूर्वीची एक खेळी घ्या. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली. हिंदू संघाने ५८१ धावा केल्या. विजय मर्चंट नाबाद २५०. उलट बाजूला 'रेस्ट' संघ पहिल्या डावात १३३ धावांत गडगडला. दुसऱ्या डावात सांगलीत जन्मलेल्या विजय हजाऱ्यांनी ३०९ धावा काढल्या, आणि संघाच्या एकंदर धावा झाल्या ३८७! भाऊ विवेक याच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागी केली. त्या भागीत विवेकच्या धावा एकवीस. सामना हजाऱ्यांचा संघ डावाने हरला. पण तेच गोलंदाज, तीच खेळपट्टी, तोच दिवस. बाकी सगळ्यांना मिळून, अवांतर धावा धरून, ७८ धावा मिळतात आणि एकट्याला ३०९. आमच्या पैसेवारीने मोजले तर हजाऱ्यांचे ऐंशी पैसे होतात. प्रणवच्या १००९ चे एकोणसत्तर.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण हे माप मला वाटते तितके निर्दोष नाही. साथीदार कच्चे असले की एकट्याची पैसेवारी आपोआप वाढते. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, तेव्हा दुसऱ्या टोकाला भांडारकरांनीही २०५ केल्या होत्या आणि संघाच्या झाल्या होत्या चार बाद ८२६. म्हणजे निंबाळकरांचे चोपन्न पैसेच. साथीदार चांगला मिळाला हा काय त्यांचा गुन्हा? प्रतिपक्षाच्या सरासरीचेही तेच. ती सरासरी ज्यांच्याविरुद्ध निघाली ते संघ दुबळे होते की बळकट, हे पाहायचे तर त्यांच्याही प्रतिपक्षांकडे जावे लागते, मग त्यांच्या प्रतिपक्षांकडे. मापाला माप लावत गेले तर शेवटी हाताला पक्का दगड कुठेच लागत नाही.

निंबाळकरांची गोष्ट मात्र त्या चोपन्न पैशांत मावत नाही. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी होत्या. सुट्टीची वेळ झाली, आणि राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, म्हणजे काठेवाडच्या कर्णधाराने, पुढे खेळायला नकार दिला. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाशी कायमचे जोडले जाऊ नये, असे त्यांना वाटले. संघ निघून गेला. सामना तिथेच राहिला. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी सामना एकही मिळाला नाही. भारतीय खेळाडूची प्रथम दर्जाच्या सामन्यातली सर्वांत मोठी खेळी मात्र अजून तीच आहे. ठाकूरसाहेबांना आपण सगळे बोल लावतो, मीही लावतो. पण कल्याणच्या त्या पोरांकडे पाहिले म्हणजे ठाकूरसाहेबांचे वागणे अधिकच खुजे दिसते. ती पोरे दोन्ही दिवस मैदानावर उभी राहिली. मोजमाप होऊ देणे हेही प्रतिपक्षाचे देणे असते. ते त्यांनी दिले, आणि संस्थानिकाने नाकारले.

हे सारे खेळात ठीक आहे. माणसांच्या बाबतीत 'त्या मानाने' म्हणताना जीभ थोडी अडखळावी असे मला वाटते. २०१६ च्याच डिसेंबरात आमच्या धसईला महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून प्रसिद्धी मिळाली. मंत्री आले, वृत्तपत्रांतून छायाचित्रे आली. वडापावच्या गाडीवर कार्ड चालते याचे शहराला केवढे कौतुक! दादरच्या दुकानात तेच यंत्र असते तर कोणी मान वळवून पाहिले नसते. म्हणजे कौतुक होते ते खेड्याच्या मानाने. गावाला आनंद झाला, मलाही झाला. पण खेड्याकडून अपेक्षा किती थोडी आहे, याचीही त्यात पावती होती. पैसेवारीतही हा धोका आहेच. नेहमीचे पीक मागच्या वर्षांवरून ठरवायचे म्हटले आणि मागची वर्षेच वाईट गेली असली, तर माप खाली उतरते आणि दैन्य 'नेहमीचे' होऊन बसते.

गेली काही वर्षे गावातल्या चारपाच जणांनी मिळून दिवाळीत एका विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी थोडी रक्कम द्यायची, अशी प्रथा पाडली आहे. निवृत्त शिक्षक म्हणून मलाही त्यात ओढतात. एका वर्षी दोन नावे पुढे आली. बाजारपेठेतल्या दुकानदाराचा मुलगा, दहावीला चौऱ्याऐंशी टक्के. आणि डोंगराकडच्या वाडीतली मुलगी, सदुसष्ट टक्के. ती रोज दीड तास चालत शाळेत येई, आणि लावणीच्या दिवसांत तिची शाळा बुडे ती बुडेच. चर्चा फार झाली नाही. 'तिच्या मानाने सदुसष्ट म्हणजे पुष्कळ झाले,' असे एकाने म्हटले आणि रक्कम तिला मिळाली. मीही त्याच मताचा होतो, आजही आहे.

ती माझ्याकडे नमस्काराला आली तेव्हा हे वाक्य तिच्या कानांवर गेलेले होते. बराच वेळ पायरीवर घुटमळली, मग म्हणाली, 'गुरुजी, त्याला गणितात किती होते?' मी म्हटले, 'एक्क्याऐंशी.' 'मला त्र्याऐंशी आहेत,' ती म्हणाली. तिला रक्कम हवी होती. तिच्या चालण्याचा हिशेब व्हावा हेही तिला मान्य होते. पण निदान एका विषयात तरी कसल्याही मानाने न मोजलेली, बाजारपेठेतल्या पोराच्या शेजारी सरळ उभी अशी तिची एक ओळ तिला हवी होती.

दुकानदार आठ दिवस बोलला नाही. मग एका बाजारच्या दिवशी नारळ निवडता निवडता म्हणाला, 'गुरुजी, आमच्या पोराने काय मुद्दाम कमी मार्क पाडायचे होते? घर जवळ आहे हा त्याचा दोष?' प्रश्न खरा होता. समोर कोण उभे राहील हे प्रणवने ठरवले नव्हते, आणि घर कुठे असावे हे या मुलाने ठरवले नव्हते. मी त्याला म्हटले, 'दोष त्याचा मुळीच नाही, चौऱ्याऐंशी ते चौऱ्याऐंशीच. आम्ही फक्त रक्कम दिली, त्याचे गुण काढून घेतले नाहीत.' त्याचे समाधान झाले असे दिसले नाही. नारळ मात्र त्याने चांगले निवडून दिले, आणि पैसे सांगताना मुलाच्या फीचा आकडाही सांगितला. तो काही लहान नव्हता.