मान कुणाच्या हाती असतो?

हे घाईने वाचू नका. थोडं वाचा, थांबा, डोळे मिटा आणि कालचा दिवस आठवा.

काल कुणाच्या तरी दाराशी तुम्ही उभे होतात. बेल वाजवली. दार उघडायला क्षणभर लागला. तेवढ्यात हात केसांवरून फिरला का? चेहऱ्यावर हसू आलं ते दार उघडल्यावर, की त्याआधीच?

अर्व्हिंग गॉफमन हे समाजशास्त्रज्ञ तरुणपणी स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडच्या एका बेटावर राहून तिथल्या लोकांचं वागणं टिपत होते. १९५६ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी लिहिलंय, की चहाला येणारा शेजारी घरातल्यांना खिडकीतून दिसे, पण त्याला आतले दिसत नसत. दाराजवळ आला की त्याचा मूळचा चेहरा उतरे आणि हसरा चढे. घरातल्यांना हे बघायला मजा वाटे. काही पाहुण्यांना मात्र आपण दिसतो हे ठाऊक होतं. ते बरंच आधीपासून हसत येत.

हे ढोंग आहे, असं पटकन वाटतं. त्या वाटण्यापाशी जरा थांबा. उतरलेल्या चेहऱ्याने तो आत आला असता, तर घरच्यांना काय वाटलं असतं? ते हसू त्याच्या स्वतःसाठी होतं, तसंच त्यांच्यासाठीही होतं.

आता एखादा अवघड क्षण आठवा. किराणा बांधून झालाय आणि पैसे कमी पडतायत. मागे ओळखीची चार माणसं उभी आहेत. कान तापतात. दुकानदार मान वर न करता हळूच म्हणतो, ‘‘असू द्या हो, उद्या द्या.’’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हेच शब्द तो सगळ्या दुकानाला ऐकू जातील असे बोलला असता तर? उधारी तेवढीच राहिली असती, पण तुम्ही त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नसतात.

चारचौघांतली आपली प्रतिमा आपल्याला अगदी खासगी वाटते. १९५५ च्या एका निबंधात गॉफमन म्हणतात, की ती समाजाकडून उसनी मिळालेली असते. या विचारासोबत थोडं बसा. काल दिवसभरात तुमचा मान कुणीकुणी सांभाळला? विसरलेलं नाव कुणी आपणहून सांगितलं? तीच गोष्ट पुन्हा सांगत होतात, तेव्हा कोण नव्याने ऐकल्यासारखं ऐकत होतं?

भुकेला पाहुणा संकोचाने म्हणतो, ‘‘आत्ताच जेवून आलो.’’ घरची बाई ते खरं मानते आणि तरी पान वाढते, ‘‘चवीपुरतं तरी घ्या.’’ दोघांनाही सगळं कळलेलं असतं. बोलत कुणीच नाही. पाहुणा पोटभर जेवून उठतो.

आता नजर दुसरीकडे न्या, इथे जास्त वेळ थांबा. ही काळजी तुम्ही कुणाच्या बाबतीत घेत नाही? साहेबांची चूक केबिनमध्ये, हलक्या आवाजात सांगितली जाते. साठीतल्या वॉचमनला मात्र गेटवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ‘अरे’ म्हणून झापलं जातं. कामाच्या मावशींच्या हातून फुटलेल्या बशीची गोष्ट त्यांच्यादेखतच पाहुण्यांना सांगितली जाते.

मान कुणाला द्यायचा नाही, हेही समाज ठरवत आलाय. महाडचं चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव कागदावर होता, तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी भरता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. प्रश्न नुसत्या तहानेचा नव्हता. माणूस म्हणून बरोबरीने उभं राहण्याचा होता. ज्याचा मान वाडवडलांपासून नाकारला गेला, त्याला तो कुणी सांभाळून घेईल याची वाट बघत बसता येत नाही. मागावा लागतो, त्यासाठी लढावं लागतं.

म्हणून सभ्यपणाची परीक्षा बरोबरीच्या माणसांत होत नाही. तिथे तर परतफेडीची खात्री असते. जो आपल्याला उलट बोलू शकत नाही, त्याच्यापुढे आपण कसे वागतो, तिथे ती होते.

आज कुणाची चूक दाखवायची असेल तर बाजूला घेऊन दाखवा. कुणी ओशाळला, तर विषय बदला. आणि ज्यांना आजवर नुसती हाक मारलीत, त्यांच्यातल्या एकाला तरी आज ‘अहो’ म्हणा.