गेव्याचा चीक

माझी तीस वर्षं तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात गेली. त्यामुळे आमच्या केळव्याच्या सभेत खाडीकाठच्या तिवरांचा विषय निघाला तेव्हा मी बोलायला उठले ती रसायनशास्त्र घेऊनच. तोडीला उच्च न्यायालयाची २००५ पासून बंदी आहे, तरी कुंपणं पुढे सरकतातच. मी सांगितलं, या तिवरांच्या रानातल्या मारांडीचा पाला सांधेदुखीवर वापरतात, कांदळाच्या सालीतल्या टॅनिनने कातडी कमावतात, गेव्यात एचआयव्हीला प्रयोगशाळेत अडवणारं संयुग सापडलंय. एवढं धन मातीत घालवायचं?

मागून मांगेल्यांची एक आजी म्हणाली, "आन् औषद नसतं निंगालं, तं तोडायची व्हती का गो बाय?"

मी खाली बसले.

गेव्याचं पान खुडलं की देठातून दुधासारखा पांढरा चीक टपकतो. कातडीला लागला तर फोड येतात, डोळ्यात गेला तर काही काळ दिसत नाही. एचआयव्हीला अडवणारं ते संयुग फॉर्बॉल एस्टरांच्या गटातलं, आणि त्याच गटातली जमालगोट्याच्या तेलातली संयुगं उंदरांच्या कातडीवर गाठी वाढवतात. विष कुठे संपतं आणि औषध कुठे सुरू होतं, हे आम्ही मात्रेवर ठरवतो. गेवा काहीच ठरवत नाही. त्याला खाऱ्या चिखलात उभं राहायचंय आणि पानं राखायचीत.

वैद्यकी शिकणाऱ्या जीवकाला तक्षशिलेच्या गुरूंनी औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितलं आणि तो रिकाम्या हातांनी परतला, ही गोष्ट मी पोरांना किती कौतुकाने सांगितली आहे! आता ती मला खटकते. योजनभर रान फिरला, पण प्रत्येक झाडाला त्याने एकच विचारलं, तू माणसाच्या काय कामाचा? माझ्या प्रयोगशाळेनेही दुसरं काही विचारलं नाही. यात पाप आहे असं मी म्हणत नाही, औषधाने माणसं वाचतात. पण झाडाची ओळख तेवढ्यावर थांबवणं मला अपुरं वाटतं, आणि त्याच्या जगण्याची परवानगी त्यावर टांगणं तर उर्मटपणा.

आमच्या गावाची शीतळादेवी ही देवीच्या रोगाची देवता. ताप तिचाच, गारवाही तिचाच. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८० मध्ये तो रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. तरी माझी आई शेवटपर्यंत दर मंगळवारी देवळात जात होती. मी एकदा विचारलं, "आई, रोगच गेला, आता देवीकडे कशाला जातेस?"

ती पदराने कपाळ पुसत म्हणाली, "भेटायला."

परवा ओहोटीला खाडीवर गेले. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चमकत होते. एक पान झाडावरच धरून जिभेला लावलं, आणि सोडून दिलं.