चालतंय ना, मग झालं!

आमच्या घरात यंत्र बंद पडलं, की आधी त्याला थापट मारायची रीत आहे. वडिलांनी अख्खा रेडिओ या एकाच विद्येवर वर्षानुवर्षं चालवला. त्यामुळे परवा रात्री भाचा म्हणाला, "मामा, यंत्र सुरूच व्हईना बगा," तेव्हा मी बाही सरसावूनच त्याच्या खोलीत गेलो. पाहतो तर थापट मारायला यंत्रच नव्हतं!

भाचा लातूरचा. नांदेडला आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकतो. राऊटर, स्विच ही महागडी मंडळी विकत घेणं परवडत नाही, म्हणून 'जीएनएस थ्री' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती लटकीच मांडायची असतात. संगणकाच्या पोटात आभासी संगणक आणि त्याच्या पोटात राऊटर. शंकराचार्यांच्या दृष्टान्तात साप खोटा असला तरी निदान दोरी खरी असते. इथे सगळंच लटकं, आणि ते उठत नाही म्हणून पोरगं मात्र खरोखरचं जागं!

"इथं लिहून यायलंय, केव्हीएम मिळत नाही म्हणून."

हे केव्हीएम काय ते त्याने मला तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा कळलं. आतल्या यंत्राला खऱ्या प्रोसेसरची थेट मदत लागते. ती सोय 2005 सालापासून प्रोसेसरमध्येच येऊ लागली. पण पुष्कळदा ती 'बायोस' नावाच्या तळघरात कुलूपबंद असते. किंवा विंडोजच्या 'हायपर-व्ही'ने तिथे आधीच बिऱ्हाड थाटलेलं असतं. म्हणजे कण्हतो राऊटर आणि दुखणं तळघरात.

भाच्याने वेगळीच वाट काढली. सेटिंगमध्ये 'ही मदत हवीच' अशा अर्थाची एक टिक होती, ती त्याने काढून टाकली. लाल ओळ गेली! राऊटर निघाला, पण वरातीतल्या घोड्यासारखा. एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं.

"चालतंय ना मामा, मग झालं!"

मी मान डोलावणारच होतो, तेवढ्यात 2016 चा लातूरचा उन्हाळा आठवला. ताईच्या घरचा नळ कोरडा पडला. भाऊजींनी वायसर बदललं, तोटी बदलली, पाइपात फुंकरही मारून पाहिली. तोटी बिचारी फुसफुस करून खरं तेच सांगत होती. मांजरा धरणातच पाणी उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींची, सुमारे पाच लाख लिटर घेऊन. तेव्हा कुठे भाऊजींनी पाना खाली ठेवला.

तक्रार करणाऱ्याचा आपल्याला राग येतो. पण पुष्कळदा घरात खरं बोलणारा तोच एकटा असतो. त्याचं तोंड बंद केलं की दुखणं गेलं असं नव्हे. ते कळण्याची वाट गेली. आता रात्री अकरा वाजता, उद्या जर्नल द्यायचं असताना टिक काढणं, हे काही पाप नाही. पण ती आपण काढली होती हे सकाळी विसरणं, हे मात्र मला पाप वाटतं.

हे सगळं मी भाच्याला ऐकवणार, तोच ताईचा फोन आला.

"आई, गुडघा कसा हाय?"

"बरा हाय की. गोळी घेतली. चालतंय ना, मग झालं!"

भाचा फोन ठेवून बराच वेळ गप्प बसला. मग त्याने संगणक बंद केला, पुन्हा चालू करताना तळघरात शिरून कुलूप काढलं आणि टिक होती तिथे परत ठेवली. राऊटर टुणकन उठला. शनिवारी सकाळच्या एसटीने तो लातूरला गेला, आईला हाडांच्या डॉक्टरांकडे न्यायला.

त्या दुपारी आमचा पंखा कुरकुरू लागला. सवयीने हात उचलला, पण तसाच आवरला आणि स्टुलावर चढून आपुलकीने विचारलं, "बाबा रे, तुझं म्हणणं तरी काय आहे?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "तीस वर्षांत हे मला नाही कधी विचारलंत!"

मी स्टुलावरून उतरलो. पंखा अजून कुरकुरतो आहे. पण आधी तळघर.