मनगटातली चिंचोळी वाट

निवांत बसा. उजवा हात मांडीवर ठेवा, अंगठा वरच्या बाजूला. आता अंगठा इतर बोटांपासून हळूहळू लांब ताणा. त्याच्या मुळाशी एक खळगा पडेल. खळग्याच्या तळव्याकडच्या कडेला दोन कंडरा ताठ होतील, इतक्या जवळजवळ की एकच वाटावी. डाव्या हाताचं बोट त्यांच्यावरून मनगटाकडे सरकवा. हाडाचा उंचवटा लागेल. दुखलं तर दाबू नका. नुसतं तिथे थांबा.

या उंचवट्यावर एक अरुंद वेष्टन आहे. नेफ्यातून नाडी जावी तशा दोन्ही कंडरा त्यातून जातात. अंगठा हलला की सरकतात.

श्वास सावकाश सोडा. या हाताने आजवर काय काय केलं? कापूस वेचला, ओल्या चादरी पिळल्या, तान्ह्या बाळाला बगलेत धरून पुन्हा पुन्हा उचललं. आखाजीच्या सणाला मांडे केले. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत, फिरवत वाढवायचा आणि तापल्या खापरावर अलगद सोडायचा. खानदेशात हे बघताना सगळ्यांची नजर मांड्यावर असते. आज मनगटाकडे बघा. ते किती वेळा वळतं!

वळून वळून त्या अरुंद वेष्टनापाशी ते दुखूही लागतं. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस सर्जनने १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. वेष्टन जाड होतं, वाट आवळते, आणि साधा तांब्या उचलतानाही कळ येते. ‘नस चढली’ म्हणून ते मनगट चोळत राहणं मला बघवत नाही. विश्रांती, अंगठ्याला आधार देणारी पट्टी, गरज पडली तर स्टेरॉइडचं इंजेक्शन, एवढ्यावर पुष्कळ जणींचं भागतं. ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया.

तीही डोळे मिटून, मनाने सावकाश बघा. मनगटाचा तेवढाच भाग बधिर करतात. चीर दोन-तीन सेंटिमीटरची. त्वचेखाली लगेच एक नाजूक मज्जातंतू धावतो. तो दुखावला तर अंगठ्याची पाठ बधिर राहू शकते, म्हणून आधी त्याला जपायचं. मग वेष्टनाचं छत लांबीत उघडायचं. काही हातांत आत एक पडदा असतो आणि धाकटी कंडरा वेगळ्या कप्प्यात दडलेली असते. तो कप्पा बंदच राहिला तर दुखणंही राहतं. तुम्ही जाग्या असता, हे इथे कामी येतं. “ताई, अंगठा हलवा,” असं सांगून सर्जन दोन्ही कंडरा मोकळ्या सरकतात का, ते डोळ्यांनी बघू शकतात.

कंडरेला कापलं नाही, जोडलं नाही. तिला फक्त जागा करून दिली. या गोष्टीपाशी हवा तितका वेळ थांबा.

अंगठा लवकरच हलवायला सांगतात. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात, जोराची कामं त्यानंतरही काही आठवडे नकोत. तोवर घरातल्या चादरी कोण पिळणार? डोळे उघडण्याआधी ते नाव ठरवा, आणि आज संध्याकाळीच त्याला सांगा.