एकटीची काशीयात्रा आणि एकादशी
मधुमेह असलेली वृद्ध स्त्री एकटीने काशीला जाण्याचा बेत आखते आणि मुक्कामातच एकादशी येते, तेव्हा व्रत आधी की पथ्य, म्हणजे वैद्याने घातलेले आहाराचे बंधन, हा प्रश्न धर्मशास्त्राला नवा नाही. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टींत शास्त्रकारांनी पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्याबरोबर गुरूचा शब्द व औषधही गणले आहे. म्हणून गोळीबरोबर वेळेवर घ्यावा लागणारा घास औषधाचेच अंग मानणे युक्त ठरते. उलट, साखर झपाट्याने वाढवणारी साबुदाण्याची खिचडीच तिने रूढीखातर खावी, हा आग्रह निर्दयपणाचा आहे. शिवाय साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्यामुळे प्राचीन स्मृतींत त्याचा उल्लेख असणे शक्यच नव्हते.