टोपलीतले उरलेले कांदे

अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचं हॅवलॉक. गोविंदनगरच्या बाजारात एका टोपलीच्या तळाशी किलोभर कांदे उरले होते. समुद्र खवळलेला, त्यामुळे आदल्या दिवशी बोट आलेली नव्हती.

"घेऊन टाक सगळे," मी म्हणालो. "खोलीवर गॅस आहे. पिठलं-भात करू."

"आणि मागे उभी आहे त्या बाईनं काय घ्यायचं?"

"आत्या, जन्मभर अर्थशास्त्र शिकवलंस ना? भाव मोजतोय आपण, फुकट नेत नाही."

"दादरला मी कांदा घेतला की तासाभरात दुसरं पोतं सुटतं. इथे तो चेन्नई नाहीतर कोलकात्याहून यायचा. हजारावर किलोमीटर समुद्र, जहाजाला तीन-चार दिवस. मग पोर्ट ब्लेअरला, श्री विजयपुरम म्हण आता, उतरवून पुन्हा इकडच्या बोटीत. पुढची बोट लागेपर्यंत आहे तेवढाच माल. पैसे दुकानदाराला देणार, पण कांदा उचलणार तिच्या पानातला."

"बरं, राहू दे. हॉटेलात जेवू."

"तिथल्या रश्शात कांदा नसतो वाटतं? तिथे तो वाटून झालेला असतो, म्हणून कुणाच्या तोंडचा ते दिसत नाही, इतकंच."

"पण पर्यटकच नसते तर दुकानदारानं इतका माल मागवला असता का? यातला निम्मा आपल्याच नावानं आलाय."

हे तिला पटलं असावं. वाद घालताना ती गप्प बसते ती अशाच वेळी. मग म्हणाली, "हवा बरी असते तोवर ठीक. हवा बिघडली की आपल्या नावाचा आणि तिच्या नावाचा माल एकाच टोपलीत येतो. अन् चढा भाव आधी कुणाला परवडतो?"

"मग बेटावर पिकतं तेच खाऊ. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथे जमिनी दिल्या, त्यांनी भात, नारळ, सुपारी, भाजीपाला केला. मासे तर दारातच."

"सुरमईला हॉटेलवाला देईल तो भाव या बाईला देता येईल?"

मी चिडलो. "मग सगळं घरूनच आणायचं! सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायला येणाऱ्या आपल्या सहलींबरोबर आचारीसुद्धा असतो."

"म्हणजे किनारा यांचा वापरायचा, यांच्या गल्ल्यात दमडी टाकायची नाही आणि वर मेतकुटाच्या रिकाम्या पिशव्या इथेच सोडून जायचं. एवढ्याशा बेटावर कचरा टाकायचा तरी कुठे?"

या बाबतीत माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्याकडेही नव्हतं.

"तिलाच विचारू या ना, कांदा हवा का म्हणून."

"ती 'घ्या' म्हणेल. परक्या पाहुण्याला तोंडावर नाही कोण म्हणतं? तो होकार धरायचा?"

"मग न विचारता पाव किलो घेऊ."

"पावच का?"

"पिठल्याला तेवढा पुरतो."

"हे आपल्या पोटाचं माप झालं. तिच्या घरी किती पानं मांडतात, ते कुठे ठाऊक आहे तुला?"